दांडा पूर्ण जातो, गिअर लागत नाही

सूर्याजी इंगळ्यांचा राग ग्वाल्हेरातल्या साऱ्या माधवगंजाला ठाऊक आहे, आणि माझा जयेंद्रगंजाला. म्हणूनच आमचं दोघांचं जमतं, असं लोक म्हणतात. जमतं हे खरं. पण गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघांनी मिळून एका माणसाची जी माती केली, ती आठवली की अजून माझं डोकं तापतं. आधी मॅनेजरवर, मग सूर्याजीकाकांवर, मग स्वतःवर. हा क्रम उलटा असायला हवा होता, हेही मला कळतं.

मी मंजिरी. शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. माझे पणजोबा दरबारात कारकून होते आणि सूर्याजीकाकांचे पणजोबा फौजेत, त्यामुळे घरोबा जुना आहे. काका आता चौसष्ट वर्षांचे आहेत. तेही फौजेतच होते, पण घोड्यावर नाही. इंजिनिअर पलटणीत, आसामात. तिथे पूर आला की फौजेच्या बोटी पाण्यात उतरायच्या आणि त्या बोटींची इंजिनं काका सांभाळायचे. पेन्शन घेऊन परत आले आणि माधवगंजात वडिलांच्या जागेत त्यांनी वर्कशॉप टाकलं. आता ग्वाल्हेरात बोटी असून असून किती असणार? काका जनरेटर दुरुस्त करतात, थ्रेशर करतात, ट्रॅक्टरचे गिअर-बॉक्स खोलतात. पण शहराबाहेरच्या धरणावर सहलीवाल्यांना फिरवणारी एक मोठी लाँच आहे, आणि तिचा गिअर-बॉक्स उघडायची हिंमत आसपासच्या चार जिल्ह्यांत फक्त त्यांच्यात आहे. ही गोष्ट ते स्वतःच दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगतात.

राग म्हणाल तर काय सांगू. पुतणीच्या, सोनलच्या लग्नात वरातीमागच्या गाडीवरचा जनरेटर ठोके द्यायला लागला, तर हे फेटा बांधलेले, अंगावर रेशमी उपरणं घेतलेले काका रस्त्यातच त्या जनरेटरवाल्याच्या अंगावर धावून गेले. त्याला शिव्या घातल्या, त्याच्याच पान्यांनी मशीन उघडलं आणि पाऊण तास वरात अडवून धरली. नवरामुलगा घोड्यावर झोपला. जनरेटर मात्र पुढे सकाळपर्यंत हूं की चूं न करता चालला. घरात सुधाकाकूंवर ते आवाज चढवत नाहीत, कारण काकू उलट बोलत नाहीत, नुसतं वाढणं बंद करतात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "मशीन खोटं नाही बोलत, मंजू. माणूस बोलतो." मला ते फार आवडायचं. वर्गात मी ते मुलांना ऐकवायची सुद्धा.

तर ती सहल. बालदिनाच्या आदल्या दिवशी सहावी-सातवीची चौतीस मुलं घेऊन आम्ही तीन शिक्षक धरणावर गेलो. लाँचवर बुडू नये म्हणून घालायची जाकिटं होती एकोणीस. मी विचारलं तर लाँचचा मॅनेजर म्हणाला, "छोटे बच्चे हैं मैडम, दो-दो मिलकर पकड़ लेंगे." तेव्हाच परत फिरायला हवं होतं. फिरले नाही. मुलांनी आठवडाभर आधीपासून जीव खाल्ला होता आणि बसवाल्याला वेळेत परतायचं होतं. माझ्या रागाला असल्या वेळी कुठे दडी मारून बसायचं ते बरोबर कळतं.

लाँच रामचरण बाथम चालवत होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस, पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरचा. धरणाच्या मधोमध गेलो तोवर सगळं ठीक होतं. वळलो आणि वारा समोरून आला. एकदम इंजिन ओरडायला लागलं, आवाज चढत गेला, पण लाँच पुढे जाईना. उलट वारा तिला आडवी करून धरणाच्या दगडी भिंतीकडे ढकलायला लागला. रामचरण गिअरचा दांडा मागे घ्यायचा, पुन्हा पुढे टाकायचा. क्षणभर लाँच धरायची, की पुन्हा नुसता आवाज. मुलं किंचाळत होती. भिंत जवळ आली, लाँच आदळली, सातवीतल्या एका मुलीचं मनगट मोडलं आणि दोघांचे ओठ फुटले. आदळायच्या आधी मी मान वळवली तर चालकाची जागा रिकामी होती. त्याने पाण्यात उडी मारलेली मी पाहिली.

पुढचं मला नीट आठवत नाही, मी मुलांना कवटाळून बसले होते. लाँच भिंतीला लागून राहिली, दुसरी बोट आली, आम्ही उतरलो.

तासाभरात काका आले. मॅनेजरने फोन केला होता, कारण तीनच आठवड्यांपूर्वी काकांनी त्या गिअर-बॉक्सच्या जळलेल्या प्लेटा बदलल्या होत्या. तेव्हाही तक्रार हीच होती: इंजिन फिरतं, पाण्यातला पंखा फिरत नाही, गिअर घसरतो. धक्क्यावर गर्दी जमली होती, रडणारी मुलं होती, आईबापांचे फोन चालू होते. काकांनी लाँच चालू केली, धक्क्यापासून थोडी पुढे नेली, थोडी मागे आणली. गिअर छान लागला. ते खाली उतरले, आणि त्यांचे डोळे पाहूनच मला कळलं की आता कुणाची तरी खैर नाही.

"आधा गियर डालता है तू," ते रामचरणला म्हणाले. "आधा डालोगे तो प्लेट जलेगी ही."

रामचरणचे कपडे ओले होते, तळहातातून रक्त येत होतं. तो म्हणाला, "साब, लीवर तो पूरा जाता है. गियर पूरा नहीं लगता."

"मशीन मैंने खुद बाँधी है. मशीन झूठ बोलती है क्या?"

"मैं झूठ नहीं बोल रहा, साब."

काकांनी त्याच्या कानाखाली वाजवली. सगळ्यांच्या देखत, चौतीस मुलांच्या देखत. आणि मी, जी वर्गात मुलांना एकमेकांना ढकलूही देत नाही, मनात म्हणाले, बरं झालं. खरं तेच लिहिते आहे.

त्या संध्याकाळी मी चार पानी तक्रार लिहिली. माझी हिंदी चांगली आहे, दुर्दैवाने. चालक बेपर्वा आहे, त्याला यंत्र हाताळता येत नाही, आणि ऐन संकटात तो मुलांना सोडून पाण्यात उडी मारून पळाला, असं लिहिलं. मॅनेजरने ती दोनदा वाचली आणि कपाळाला लावायची तेवढी बाकी ठेवली. जाकिटांचा उल्लेख त्याने मला "अलग से" करायला सांगितला, आणि मी अलगसे कधी केलाच नाही. रामचरणला त्याच दिवशी घरी बसवलं. त्याचा बोट चालवायचा परवाना कायमचा रद्द करावा म्हणून कागद तयार झाले. त्यावर फक्त माझा आणि काकांचा जबाब लागायचा होता. तारीख मिळाली दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारची.

काकूंनी थपडेचं ऐकलं आणि दोन दिवस ताट वाढलं नाही. काका वर्कशॉपसमोरच्या गाड्यावर कचोरी खाऊन राहिले आणि गाडेवाल्यावर ओरडत राहिले.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी मी वर्कशॉपमध्ये गेले, तर काका फोनवर कडाडत होते. फोन आपटला आणि माझ्याकडे वळले. "नवा ड्रायव्हर ठेवला त्यांनी. दहा दिवस झाले नाहीत, आणि गिअर पुन्हा घसरतो आहे. तो मॅनेजर मला म्हणतो, इंगळे जी, आपने पुराना माल डाला. मला! माझं दिमाग खराब करून ठेवलं आहे त्याने."

"नवा ड्रायव्हर पण अर्धा गिअर टाकतो का?" मी विचारलं.

मी ते टोचायला विचारलं नव्हतं, पण काकांना टोचलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्या चलतेस का? मला वर कुणीतरी माणूस लागेल. त्या लोकांपैकी कुणी नको."

मी का गेले? सोमवारी सही करायची होती. आणि खरं सांगायचं तर नवा ड्रायव्हरही तसाच, हे ऐकल्यापासून मला ते स्वतः बघायचं होतं.

रविवारी सकाळी धरणावर माणसं नव्हती. काकांनी लाँच त्या भिंतीपाशी नेली आणि दोन जाड दोरांनी भिंतीतल्या लोखंडी कड्यांना बांधली. म्हणाले, "मोकळ्या बोटीत गिअरवर वजन येत नाही. बांधून ठेवली की पंखा पाणी ढकलतो, पण बोट हलत नाही. मग खरं कळतं."

"मग त्या दिवशी असं का नाही केलं?"

"त्या दिवशी मी रागात होतो," ते म्हणाले, आणि दोराची गाठ आवळायला लागले.

कड्याला आधीचाच एक तुटका दोर अडकलेला होता, गाठ तशीच. मी विचारलं, हा कुणाचा. काका म्हणाले, "रामचरणचा. दोर दातात धरून उडी मारली त्याने, कड्याला बांधला. म्हणून तर बोट एकदाच आदळली. नाही तर त्या वाऱ्यात दगडांवर आपटत राहिली असती आणि फुटली असती. हात सोलून निघाले त्याचे. तुला काय, माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मी उडी पाहिली होती आणि थांबलेली बोटही पाहिली होती. मधलं काही पाहिलं नव्हतं, आणि चार पानं लिहिण्याआधी कुणालाही विचारलं नव्हतं. विज्ञान शिकवते मी. काकांवर मी त्या वेळी इतकी भडकले की त्यांना पाण्यात लोटून द्यावंसं वाटलं. तुम्हाला ठाऊक होतं तर थप्पड मारलीच कशी, म्हणून मी ओरडले. ते म्हणाले, मारल्यावर कळलं. दुसऱ्या बोटवाल्यांनी सांगितलं. मग म्हणे, तोवर हात उठून गेला होता, परत कसा घेणार. हे असलं उत्तर.

काकांनी कामाला सुरुवात केली. आधी ऑइल. पट्टी काढून पुसली, बुडवली, उजेडात धरली, बोटावर थेंब घेऊन हुंगला. ऑइल पुरेसं होतं. पाणी शिरलं असतं तर ते दुधासारखं झालं असतं, तसं नव्हतं. पण करपल्याचा वास होता. म्हणजे चार-पाच आठवड्यांच्या नव्या प्लेटा पुन्हा जळायला लागल्या होत्या. मग पंखा. शर्ट काढून, दोराला धरून ते मागच्या बाजूने पाण्यात उतरले आणि हाताने चाचपून आले. शेवाळ नाही, प्लास्टिक नाही. मग खडूने पंख्याच्या शाफ्टवर एक रेघ मारली, म्हणजे शाफ्ट किती फिरतो ते दिसावं. प्लेटांना दाबून धरणाऱ्या ऑइलचा दाब मोजायला त्यांनी गिअर-बॉक्सवर एक गेज बसवलं. हे सगळं ते तोंडाने बडबडत करत होते, आणि त्या बडबडीत मॅनेजर, नवा ड्रायव्हर, ऑइल विकणारा दुकानदार आणि आजकालचे रबर बनवणारे सगळे येऊन गेले.

शेवटी ते इंजिनाच्या खड्ड्यात उतरले आणि मला म्हणाले, "आता वर जा. दांडा पूर्ण पुढे टाक आणि धरून ठेव."

मी चालकाच्या जागी उभी राहिले. दांडा पुढे ढकलला. इंजिनाचा आवाज चढला, पाणी मागे थोडं फेसाळलं, दोर जेमतेम ताणले.

"पूर्ण टाक!" खालून आवाज आला.

"पूर्णच आहे!"

"अगं, अर्धा आहे! मला इकडे दिसतंय ना, अर्धा आहे!"

"मी सांगते आहे ना, पूर्ण आहे, पुढे जातच नाही!"

"ताकद लाव जरा! काय समजते तू? खोटं नको सांगू मला!"

माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. मी दांडा दोन्ही हातांनी धरून माझं सगळं वजन टाकून ढकलत होते, आणि खाली बसलेला एक माणूस मला खोटं पाडत होता. तोंडातून शब्द आले तेच, जे मी धक्क्यावर ऐकले होते. "काका, दांडा पूर्ण जातोय. गिअर लागत नाहीये."

खालची बडबड थांबली.

मग त्यांनी मला दांडा तसाच धरून ठेवायला सांगितलं, अगदी हळू आवाजात. पुढे काय केलं ते त्यांनी मला नंतर दाखवलं. दांड्यापासून एक केबल गिअर-बॉक्सपर्यंत जाते आणि तिथल्या छोट्या हाताला ओढते. तो हात आपल्या खाचेत बसला तरच पुरा दाब मिळतो. माझा दांडा पूर्ण पुढे होता आणि खाली तो हात खाचेच्या करंगळीच्या नखाएवढा अलीकडे थांबला होता. काकांनी केबल सोडवली आणि तो हात अंगठ्याने पुढे रेटला. खट्‌ असा आवाज आला, लाँचने असा हिसका दिला की मी पडता पडता वाचले, आणि दोर ताठ झाले. गिअर-बॉक्स ठणठणीत होता. त्याला हुकूमच अर्धा पोहोचत होता.

काका वर आले. त्यांनी स्वतः दांडा ढकलला. तो माझ्याएवढाच गेला आणि थांबला. पुन्हा ढकलला. मग वाकून दांड्याच्या बुडाशी असलेली रबराची टोपी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने वर केली.

टोपीखाली सुपारीएवढा एक गोळा होता. काळपट लाल, कडक, तेलाने चिकटलेला. दांडा पुढे गेला की तो गोळा दांडा सरकायच्या फटीच्या तोंडाशी अडकायचा. मला आधी कळलंच नाही काय आहे ते. काकांना बघताक्षणी कळलं, कारण तो त्यांनीच तिथे ठेवला होता.

इंगळ्यांच्या घरी खंडेनवमीला तलवारीची पूजा होते. मुठीला पूजेचा लाल नाडा बांधतात. तो कापायचा नाही, सोडायचा नाही. विरून गळला तर गळू द्यायचा, आणि त्याच्यावरच पुढच्या वर्षीचा बांधायचा. त्यांच्या तलवारीची मूठ आता कुणाच्या हातात मावत नाही, पण ती तलवार कुणाला चालवायचीच नाही म्हणून बिघडत काही नाही. काकांनी हीच रीत आपल्या हाताखालच्या मशिनांना लावली. दर खंडेनवमीला ते स्कूटरवर पूजेचं तबक घेऊन धरणावर येतात, लाँचला हळदकुंकू वाहतात आणि दांड्याला नाडा बांधतात. सहा वर्षं बांधला. इंजिनाच्या थरथरीने तो हळूहळू खाली सरकत गेला, टोपीखाली जमत गेला, आणि त्या वर्षीच्या सहाव्या नाड्याने दांड्याची वाट अडवली. पहिल्या प्लेटा दसऱ्यानंतर आठवडाभरात जळल्या होत्या. तेव्हा गिअर-बॉक्स त्यांनी काढून वर्कशॉपमध्ये नेला, तिथे हाताने तपासला आणि तो नीट चालला. दांडा मात्र इथेच राहिला होता.

ते चालकाच्या बाकावर बसले. मला वाटलं, आता रबराला शिव्या घालतील, नाड्याच्या दुकानदाराला घालतील. पण त्यांनी खिशातून चाकू काढला, उघडला, पुन्हा मिटला. इंगळ्यांच्या सात पिढ्यांत कुणी तो नाडा कापला नसेल. मला त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही. मी म्हणाले, "कापा. नाही तर मी कापते."

त्यांनी कापला. दांडा पुढे गेला, खाली खट्‌ झालं आणि दोर ताणले गेले.

मॅनेजर त्याच्या खोलीत चहा पीत बसला होता. काकांनी तो गोळा त्याच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मॅनेजरने गोळ्याला हातही लावला नाही. "इंगळे जी, आप बुज़ुर्ग आदमी हैं," तो म्हणाला. "फाइल बन चुकी है. लड़की के माँ-बाप शांत बैठे हैं. आप नाड़े की कहानी लिखेंगे तो आपका ही नाम डूबेगा. ड्राइवर तो और कहीं लग जाएगा."

काकांचा हात टेबलाच्या कडेला आवळला गेला. मी तो हात बघत होते. उठला नाही. "परवाना रद्द हो गया तो कहीं नहीं लगेगा," ते म्हणाले. "कागज़ दीजिए."

त्यांनी उभ्यानेच लिहिलं. खोट माझ्या हाताची आहे, चालकाने मला पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. खाली पूर्ण नाव, फौजेतला नंबरसुद्धा. मग मी कागद घेतला. माझी तक्रार मागे घेतली, चालकाने उडी का मारली ते लिहिलं आणि शेवटी जाकिटांची संख्या लिहिली.

"मैडम, यह जैकेट की बात कहाँ से आ गई?" मॅनेजर म्हणाला.

"जहाँ जैकेट नहीं थीं, वहीं से."

रामचरणला सोमवारपासून कामावर घेतो, असं त्याच्याकडून लिहून घेऊनच आम्ही उठलो. त्याने सही करताना आमच्याकडे पाहिलंदेखील नाही. दोन्ही कागदांचे फोटो मी मोबाईलवर काढून ठेवले, कारण त्या माणसाचा मला कवडीचा भरवसा नव्हता.

तिथून थेट रामचरणच्या गावी गेलो. वाटेत काका म्हणाले, "मी बोलणार. तू मध्ये नको बोलू." काय बोलायचं ते स्वतःशी पुटपुटत होते. मला वाटतं, या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाची माफी मागितली नसावी. जागाच ठाऊक नव्हती त्यांना, कुठून सुरू करायचं.

रामचरणच्या अंगणात शिंगाड्यांचा ढीग होता. काम सुटल्यापासून तो दुसऱ्याच्या तलावात शिंगाडे काढायला जात होता. तो आणि त्याची मुलगी गोणपाटावर बसून शिंगाडे सोलत होते. मुलगी वीसेक वर्षांची, शहरात नर्सिंग शिकणारी. सुट्टीचा दिवस म्हणून घरी होती. आम्हाला बघून रामचरण उठला. ती उठली नाही. तिचा चाकू चालूच राहिला.

रामचरणने खाट पुढे केली. काका बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगायला सुरुवात केली. खंडेनवमी, नाडा, रबराची टोपी, खाच, केबल, दाब किती होता आणि किती झाला. इतकं बारीक सांगितलं की जणू समोर दुसरा मिस्त्रीच बसला आहे. मॅनेजरने लिहून दिलेला कागद पुढे केला. रामचरणने तो घेतला, वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"मैंने तो उसी दिन कहा था, साब," तो म्हणाला.

"कहा था," काका म्हणाले. "गलती मेरे नाड़े की थी. उसकी माफी माँगने आया हूँ."

मला वाटलं, झालं, आता चहा येईल, आम्ही निघू. खरं म्हणजे मला हलकंही वाटायला लागलं होतं.

"एक बात बताइए," मुलगी म्हणाली. चाकू थांबला होता. "नाड़ा न निकलता तो? पापा सच में आधा गियर डालते होते, तो?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"तो थप्पड़ ठीक था?"

काकांची मान लाल झाली. हा रंग मला ओळखीचा आहे, त्याच्या मागोमाग काय येतं तेही. रामचरण हळूच म्हणाला, "रहने दे, बेटा." ती त्याच्याकडे वळलीही नाही.

"नहीं," काका म्हणाले. "तब भी ठीक नहीं था."

"तो माफी नाड़े की क्यों माँग रहे हैं? थप्पड़ की माँगिए. मैं उस दिन पापा का डिब्बा लेकर आई थी. वहीं खड़ी थी."

काकांनी पायातल्या चपला काढल्या, रामचरणसमोर गेले आणि हात जोडले. "मारा, उसकी माफी," एवढंच म्हणाले. रामचरणने त्यांचे हात धरले नाहीत आणि झटकलेही नाहीत. तो त्या जोडलेल्या हातांकडे बघत उभा राहिला.

मुलीने पुढचा शिंगाडा उचलला. सोलायला घेतला, पुन्हा खाली ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"और आप, मैडम? पापा भाग गए थे, यह आपने लिखा था न?"